स्कॅट पॅक, एसएस, ब्लॅकविंग की टेस्ला? अमेरिकन फास्ट सेडान घेताना किंमत आणि परफॉर्मन्सचा हिशोब असा मांडा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बरेच जण पहिली काही वर्षं कॅमरी-अकॉर्ड चालवतात, मग ग्रीन कार्डचं किंवा निदान नोकरीचं जरा स्थिरस्थावर झालं की डोक्यात किडा वळवळायला लागतो. चार दारं हवीत कारण मागे पोरांच्या कार सीट आहेत, बायकोला एसयूव्ही आधीच घेऊन झालीय, आणि आपल्याला मात्र व्ही-८चा आवाज पाहिजे. अशा वेळी माणूस यूट्यूब उघडतो, चार ड्रॅग रेस बघतो आणि "सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त हॉर्सपॉवर कुठे" एवढ्या एकाच प्रश्नावर गाडी ठरवून मोकळा होतो. तो प्रश्न चुकीचा नाही, पण ती फक्त सुरुवात आहे, तिथेच गाडी ठरवायची नसते. खाली जी पद्धत देतोय ती कुठल्याही दोन गाड्यांना चालेल, उदाहरणाला मी चार घेतल्यात: डॉज चार्जर स्कॅट पॅक, शेवरोले एसएस, कॅडिलॅकच्या दोन ब्लॅकविंग म्हणजे सीटी४-व्ही आणि सीटी५-व्ही, आणि टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्स. हो, मोजलं तर पाच होतात, पण ब्लॅकविंग सख्ख्या बहिणी म्हणून एकत्र धरल्यात.

आधी ओळख, पटकन

चार्जर स्कॅट पॅक २०१५ पासून २०२३ पर्यंत आली, ६.४ लिटरचं हेमी (डॉजच्या व्ही-८ इंजिनांचं नाव) व्ही-८, ४८५ हॉर्सपॉवर, ४७५ पौंड-फूट टॉर्क, फक्त ८ स्पीड ऑटोमॅटिक. २०२० पासून वाइडबॉडीचा, म्हणजे फुगीर मडगार्ड आणि रुंद टायरचा, ऑप्शन आला. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात डिसेंबर २०२३ मध्ये शेवटची निघाली, आता जी नवीन चार्जर येते ती वेगळीच गाडी आहे, त्यात एकतर बॅटरी असते नाहीतर ३ लिटरचं ट्विन टर्बो सहा सिलिंडर इंजिन. तिच्याबद्दल इथे बोलत नाही.

शेवरोले एसएस ही खरं तर ऑस्ट्रेलियाची होल्डन कमोडोर, नाव आणि लोगो बदलून २०१४ ते २०१७ अमेरिकेत विकली. ६.२ लिटरचं एलएस३ व्ही-८, ४१५ हॉर्सपॉवर. दिसायला इतकी साधी की शेजाऱ्याला वाटतं मालिबू घेतली. म्हणूनच विकली गेली नाही आणि म्हणूनच आता लोक शोधत फिरतात. पहिल्या वर्षी फक्त ऑटोमॅटिक होती, २०१५ पासून ६ स्पीड मॅन्युअल आणि मॅग्नेटिक राइड सस्पेन्शन आलं, त्यामुळे घ्यायची तर २०१५ची किंवा त्यानंतरचीच बघा.

ब्लॅकविंग २०२२ पासून, मिशिगनमध्ये लान्सिंगला बनतात. सीटी४-व्हीमध्ये ३.६ लिटर ट्विन टर्बो व्ही-६, ४७२ हॉर्सपॉवर. सीटी५-व्हीमध्ये ६.२ लिटर सुपरचार्ज्ड व्ही-८, ६६८ हॉर्सपॉवर, टॉप स्पीड ताशी २०० मैलांच्या वर. दोन्हींना मॅन्युअल स्टँडर्ड, १० स्पीड ऑटोमॅटिकला जास्तीचे पैसे. आजच्या जमान्यात हे अजब आहे पण छान आहे.

मॉडेल ३ परफॉर्मन्स, २०२४ची नवीन आवृत्ती, ५१० हॉर्सपॉवर, लाँचच्या वेळी ५२,९९० डॉलर. व्ही-८वाले नाक मुरडतील, मुरडू दे, हिशोबात ती पाहिजेच.

पायरी १: डॉलर पर हॉर्सपॉवर काढा, आणि त्यावर लगेच विश्वास ठेवू नका

किंमत भागिले हॉर्सपॉवर, एवढंच. पण किंमत कुठली ते आधी ठरवा. डेस्टिनेशन चार्ज, म्हणजे कारखान्यातून डीलरपर्यंत गाडी आणायचा खर्च, तो पकडूनच दोन्ही बाजूंचे आकडे घ्या, नाहीतर एका गाडीचा आकडा हजार डॉलरने उगाच स्वस्त दिसतो.

२०१५ला स्कॅट पॅक डेस्टिनेशनसकट सुमारे ४१ हजारांना होती, म्हणजे एका हॉर्सपॉवरला साधारण ८४ डॉलर. एसएस २०१४ला सुमारे ४४,४७०, म्हणजे १०७ डॉलर, वर गॅस गझलर टॅक्स, म्हणजे जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवरचा कर, वेगळा. सीटी४-व्ही ब्लॅकविंग लाँचला ५९,९९० आणि सीटी५-व्ही ८४,९९०, आणि गंमत बघा, दोन्हींचा भागाकार १२७ येतो, जवळजवळ तंतोतंत. छोटी घ्या की मोठी, रेट तोच.

आता इथे बहुतेक लोक थांबतात आणि म्हणतात कॅडिलॅक महाग. पण २०१४-१५चा डॉलर आणि २०२२चा डॉलर एक नाहीत ना. मधल्या काळात अमेरिकेत महागाई साधारण २३ टक्क्यांनी वाढली. तेवढं लावलं की स्कॅट पॅकचे ८४ होतात १०४ आणि एसएसचे १०७ होतात १३२! म्हणजे जिला सगळे "शेवीची परवडणारी सेडान" म्हणतात ती २०२२च्या पैशात ब्लॅकविंगपेक्षा महाग पडली होती, आणि त्या काळी शोरूममध्ये का पडून राहिली ते बऱ्यापैकी कळतं. स्कॅट पॅक मात्र महागाई लावूनही स्वस्तच राहते, तो तिचा मान तिला द्यायलाच हवा.

सेकंडहँड घेणार असाल तर हाच भागाकार आजच्या विचारलेल्या किमतीवर करा, ब्रोशरवर नाही. पण हा आकडा फक्त यादी छोटी करण्यापुरता.

पायरी २: ० ते ६०चा आकडा कसा मोजलाय ते बघा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. अमेरिकन मासिकं आणि बऱ्याच कंपन्या ० ते ६० मोजताना पहिला एक फूट धरतच नाहीत, त्याला रोलआउट म्हणतात, ड्रॅग स्ट्रिपवरून (सरळ रेषेत शर्यत लावायच्या पट्टीवरून) आलेली पद्धत. गाडी तो एक फूट सरकते तेव्हा घड्याळ बंद असतं, म्हणजे घड्याळ सुरू होतं तेव्हा गाडी आधीच पळायला लागलेली असते. याने आकडा पाव सेकंदाच्या आसपास कमी दिसतो. टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्सचे २.९ सेकंद असेच रोलआउट वजा करून दिलेत, कंपनी स्वतःच खाली बारीक अक्षरात लिहिते. त्यामुळे एकीचा रोलआउटवाला आकडा आणि दुसरीचा मित्राने जीपीएसवर मोजलेला सरळ आकडा शेजारी ठेवून भांडू नका.

दुसरं, ० ते ६० मध्ये इंजिनापेक्षा टायर आणि ड्राइव्हचा हात मोठा. टेस्लाला चारही चाकांना ताकद, बाकी सगळ्यांना फक्त मागच्या दोन. स्कॅट पॅक वाइडबॉडीला डॉज ४.३ सेकंद सांगतं, सीटी४-व्ही ब्लॅकविंग ऑटोमॅटिकला कॅडिलॅक ३.८ सांगतं, पण थंड रस्त्यावर, अर्ध्या झिजलेल्या टायरवर, सिग्नलवरून निघताना यातलं काही मिळत नाही, मागची चाकं नुसती फिरतात आणि बाजूची कॅमरी पुढे जाते.

म्हणून मासिकांच्या टेस्टमध्ये ५ ते ६०चा आकडा शोधा, चालत्या गाडीतून मोजलेला. त्यात लाँच कंट्रोलची, म्हणजे उभी गाडी कॉम्प्युटरने जोरात सोडायच्या सोयीची, जादू नसते, रस्त्यावर हायवेला मर्ज होताना गाडी कशी वाटेल ते त्यातून जास्त कळतं.

पायरी ३: क्वार्टर माइलच्या शेवटचा वेग पकडा

माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक आकडा हा. क्वार्टर माइल म्हणजे ४०२ मीटर, त्याच्या शेवटी गाडीचा जो वेग असतो त्याला ट्रॅप स्पीड म्हणतात. सुरुवात बिघडली तर वेळ बिघडते पण शेवटचा वेग फारसा बदलत नाही, कारण तो ताकद आणि वजन यावरच चालतो. आणि तो घरबसल्या काढता येतो: हॉर्सपॉवरला एकूण वजनाने भागा (पौंडात, ड्रायव्हर धरून), त्याचं घनमूळ काढा, २३४ने गुणा. फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

स्कॅट पॅक: ४८५ भागिले ४६०० पौंड, उत्तर येतं ताशी साधारण ११० मैल. एसएस: ४१५ भागिले ४२००, येतं १०८. आता बघा, ७० हॉर्सपॉवरचा फरक आणि वेगात फक्त २ मैल, कारण चार्जर ही गाडी नसून सोफा आहे, जवळजवळ ४०० पौंड जास्त ओढत नेते. सीटी४-व्ही: ४७२ भागिले ४१००, येतं ११४, म्हणजे स्कॅट पॅकपेक्षा कमी हॉर्सपॉवर असून पुढे. सीटी५-व्ही: ६६८ भागिले ४३५०, १२५च्या पुढे, ती वेगळ्याच वर्गातली आहे, तिच्याशी तुलना करायची तर हेलकॅट, म्हणजे चार्जरची सुपरचार्ज्ड आवृत्ती, आणा. हे अंदाज आहेत, प्रत्यक्षात दोन-चार मैल इकडेतिकडे होणारच, पण विक्रेता सांगतो ते खरं की थापा एवढं समजायला पुरे. इलेक्ट्रिकला मात्र हे सूत्र लावू नका, तिथे गिअर बदलत नाहीत, ताकद वेगाबरोबर वेगळ्या तऱ्हेने बदलते, आणि बॅटरी २० टक्क्यांवर असताना गाडी तीच राहत नाही.

डेन्व्हरकडे राहणाऱ्यांसाठी वेगळी टीप. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटाला साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद अंदाजे ३ टक्के कमी होते. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, म्हणजे स्कॅट पॅकचे ४८५ तिथे ४१०च्या आसपास येतात. सीटी४-व्हीच्या टर्बोंना हवा पातळ असली तरी बरंच भरून काढता येतं आणि टेस्लाला तर पत्ताच लागत नाही. न्यू जर्सीत बसलेल्या माणसाचा रिव्ह्यू कोलोरॅडोत लागू पडत नाही तो यामुळे.

मोजायचंच असेल तर रस्त्यावर नको. ड्रॅग स्ट्रिपवर टेस्ट अँड ट्यूनच्या संध्याकाळी कुणीही थोडी फी भरून पळवू शकतं. न्यू जर्सीच्या इंग्लिशटाउनची स्ट्रिप २०१८मध्ये बंद झाली, हळहळ वाटते, आता तिकडच्या लोकांना पेनसिल्व्हेनियात मेपल ग्रोव्हला जाता येतं.

पायरी ४: सरळ रेषेच्या पलीकडे

वर्षातून किती वेळा क्वार्टर माइल पळवणार? उरलेले दिवस वळणं, खड्डे, पार्किंग. इथे ब्लॅकविंग आणि एसएस एका बाजूला, चार्जर दुसऱ्या बाजूला. मॅग्नेटिक राइडमध्ये शॉकच्या तेलात लोखंडाचे कण असतात आणि करंट दिला की क्षणात तेल घट्ट होतं, त्यामुळे एकच गाडी खड्ड्यात मऊ आणि वळणावर कडक. पेनसिल्व्हेनियाच्या रस्त्यांवर याची किंमत कळते. सीटी४-व्ही तर वळणांसाठीच बनलीय, माझं वैयक्तिक मत विचाराल तर एकटं चालवायला या सगळ्यांत तीच सर्वात मजेदार.

पण! आई-बाबा भारतातून आले की एअरपोर्टला जायचंय ना? दोघांच्या मिळून २३ किलोच्या चार बॅगा, वर लोणच्याचा डबा सांभाळून धरलेली हँडबॅग. चार्जर आणि एसएसच्या डिकीत साडेसोळा घनफुटाच्या आसपास जागा आहे, सीटी५मध्ये १२, सीटी४मध्ये ११ सुद्धा नाही. सीटी४च्या मागच्या सीटवर सहा फुटी माणूस बसला तर पुढच्याशी त्याचं भांडण होणार. हा आकडा कुठल्याच ड्रॅग रेसच्या व्हिडिओत नसतो आणि घरात मात्र पहिला प्रश्न हाच येतो.

थंडीचं पण बघा. या गाड्यांवर कारखान्यातून बहुधा समर टायर येतात, आणि पारा ४० फॅरनहाइटच्या खाली गेला की ते कडक होऊन पकड सोडतात. मिशिगन, शिकागो, बोस्टनला असाल तर विंटर टायरचा दुसरा सेट बजेटमध्ये धराच.

पायरी ५: खरेदीच्या आधी इन्शुरन्स

यावर जरा थांबतो कारण इथेच स्कॅट पॅकचा स्वस्तपणा वितळतो. चार्जरचं हेमी कुटुंब चोरांचं लाडकं आहे. इन्शुरन्स कंपन्यांची आकडेवारी गोळा करणाऱ्या एचएलडीआय संस्थेने २०२० ते २०२२च्या गाड्यांसाठी जी यादी काढली त्यात चार्जर हेलकॅट पहिली होती, सरासरी गाडीच्या साठ पटींहून जास्त चोरीचे क्लेम. प्रकरण इतकं वाढलं की डॉजने २०२१मध्ये स्कॅट पॅक आणि हेलकॅटसाठी एक सॉफ्टवेअर काढलं, कोड टाकला नाही तर इंजिन ३ हॉर्सपॉवरच्या आत अडकून राहतं. सेकंडहँड घेताना ते टाकलंय का, हे डीलरला विचारा.

आता करायचं काय, तर ज्या दोन-तीन गाड्या आवडल्या त्यांचे व्हीआयएन, म्हणजे प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक, घ्या आणि पैसे द्यायच्या आधी तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडून कोट मागवा, तोच झिप कोड, तेच कव्हरेज, तोच डिडक्टिबल. "साधारण किती येईल" असं मोघम विचारू नका, व्हीआयएनवर विचारा. नवीन आलेल्यांची क्रेडिट हिस्टरी छोटी असते, त्यांना अनेक राज्यांत प्रीमियम जास्त बसतो, आणि पंचविशीच्या आतला ड्रायव्हर असेल तर खुर्चीत बसूनच आकडा वाचा. कर्जाचंही तसंच, काही बँका व्हिसा संपायच्या तारखेच्या पुढे हप्ते देत नाहीत, त्यामुळे महिन्याचा हप्ता फुगतो. आधी क्रेडिट युनियनकडून मंजुरी आणा, मग डीलरकडे जा.

पायरी ६: तीन वर्षांचा कागद मांडा

एक कागद घ्या, एक्सेल उघडलं तरी चालेल, आपली जात तीच. दोन गाड्या, दोन रकाने. खरेदी किंमत वजा तीन वर्षांनी मिळणारी किंमत, अधिक इन्शुरन्स, अधिक इंधन, अधिक टायर-ब्रेक-सर्व्हिस, अधिक व्याज.

इंधनाचं उदाहरण. वर्षाला १२ हजार मैल, प्रीमियम गॅस ४ डॉलर धरून चला. स्कॅट पॅक शहर-हायवे मिळून गॅलनला १८ मैल देते म्हणजे वर्षाला २,६७० डॉलरच्या आसपास, एसएस १७, सीटी५-व्ही १५ म्हणजे ३,२००. टेस्लाला १०० मैलांना ३० युनिट, घरी १७ सेंटने चार्ज केलं तर वर्षाला ६१० डॉलर. तीन वर्षांत सहा हजारांचा फरक इथेच पडला.

आता पूर्ण कागद, आकडे कल्पित आहेत, फक्त पद्धत बघा. समजा एक गाडी ३८ हजारांना घेतली आणि २७ला विकली, ११ हजार गेले. इन्शुरन्स वर्षाला ३,६०० म्हणजे १०,८००, इंधन ८ हजार, टायर-सर्व्हिस ४ हजार, एकूण ३३,८००. दुसरी ५८ हजारांना घेतली, ४८ला गेली, १० हजार गेले. इन्शुरन्स वर्षाला २,४०० म्हणजे ७,२००, इंधन ८ हजार, टायर-सर्व्हिस ५ हजार, एकूण ३०,२००. दुसरीच्या जास्तीच्या २० हजार कर्जाचं व्याज अंदाजे ३ हजार टाका, ३३,२००. वीस हजारांनी महाग गाडी तीन वर्षांत तेवढ्यालाच पडली! तुमचे आकडे वेगळे येतील, उलटेही येतील, पण कागद मांडल्याशिवाय कळणार नाही.

रिसेलच्या बाबतीत एक नियम जवळजवळ नेहमी चालतो: व्ही-८, मॅन्युअल आणि कमी संख्येने बनलेली असली की किंमत टिकते. एसएस चार वर्षांत तेरा हजारांच्या आत विकली गेली, त्यातल्या मॅन्युअल अजून कमी. टेस्लाचं उलटं, जानेवारी २०२३मध्ये कंपनीने नवीन मॉडेल ३ परफॉर्मन्स ६२,९९० वरून एकदम ५३,९९० वर आणली आणि जुन्यांचे भाव रातोरात घसरले. विकणाऱ्याला वाईट, सेकंडहँड घेणाऱ्याला पर्वणी.

आणि हो, ही गाडी नंतर पुण्याला घेऊन जाईन वगैरे विचार असेल तर सोडून द्या, जुनी डाव्या स्टिअरिंगची गाडी भारतात आणता येत नाही.

पायरी ७: गाडी बघायला जाल तेव्हा

इंजिन थंड असताना बघा, विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की सुरू करून ठेवू नको. हेमीमध्ये टिकटिक ऐकू आली तर दोन शक्यता. थंड असताना येते आणि गरम झाल्यावर जाते, तर बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटलाय, खर्च आहे पण जीवघेणा नाही. गरम झाल्यावरही राहते किंवा वाढते, तर लिफ्टर आणि कॅमशाफ्ट झिजल्याची शंका घ्या आणि तिथून निघा. ऑइलचे रेकॉर्ड मागा, ६.४ला ०डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल लागतं, दुसरंच काही टाकलेलं दिसलं तर मालकाने बाकीचं काय केलं असेल ते समजून घ्या.

एसएसचं इंजिन-गिअरबॉक्स दणकट, त्याचे पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. पण हेडलाइट, बंपर, दरवाजे हे सगळं ऑस्ट्रेलियाचं, तिथला एलिझाबेथचा कारखाना ऑक्टोबर २०१७मध्ये बंद झाला आणि होल्डन ब्रँडच २०२०मध्ये गुंडाळायचं ठरलं. त्यामुळे अपघात झालेली एसएस कितीही स्वस्त मिळो, हात लावू नका. मॅग्नेटिक राइडचे शॉक गळतायत का तेही खाली वाकून बघा, ते साध्या शॉकसारखे स्वस्त नसतात, ब्लॅकविंगलाही हेच लागू.

मॅन्युअल असेल तर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर जोरात ऍक्सिलरेटर दाबा, आरपीएम वाढतोय आणि वेग वाढत नाही म्हणजे क्लच गेला. चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले आहेत का? मागचे दोनच कोरे करकरीत असतील तर आधीच्यांचा धूर कुठे झाला ते विचारा, विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. व्हीआयएन टाकून एनएचटीएसएच्या, म्हणजे रस्ता सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या, साइटवर रिकॉल बघा, फुकट आहे. आणि दीड-दोनशे डॉलर देऊन तिऱ्हाईत मेकॅनिककडून तपासणी कराच, विक्रेता नको म्हणाला तर उत्तर मिळालं.

शेवटी आउट द डोर, म्हणजे सगळे कर आणि फी धरून, किंमत लेखी मागा. न्यू जर्सीत सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के, मिशिगनमध्ये ६, टेक्ससमध्ये गाडीवर ६.२५, वर डॉक फी, टायटल, रजिस्ट्रेशन. ओरेगॉनला सेल्स टॅक्स नाही म्हणून तिथून आणायची शक्कल लढवू नका, रजिस्ट्रेशन आपल्या राज्यात करताना टॅक्स भरावाच लागतो.

मग घ्यायची कुठली

बॅगा, पोरं, लांबचा हायवे आणि इन्शुरन्सचा कोट सुसह्य आला, तर स्कॅट पॅक, साधी बॉडी, वाइडबॉडीचे ३०५चे टायर कशाला पोसायचे. इन्शुरन्स डोक्यावरून गेला तर तेवढ्याच कामाला २०१५ची किंवा त्यानंतरची एसएस, मॅन्युअल सापडली तर नशीब. दुसरी गाडी घरात आहे आणि ही फक्त आपल्यासाठी, तर सीटी४-व्ही, डोळे झाकून. रोज ऐंशी मैलांचं कम्यूट असेल आणि घरी चार्जिंगची सोय करता येत असेल तर सेकंडहँड मॉडेल ३ परफॉर्मन्सपुढे हिशोबात कुणी टिकत नाही, आवाजाचं दुःख ज्याचं त्याने बघावं. सीटी५-व्ही ब्लॅकविंग ज्याला घ्यायची असते तो असले लेख वाचत नाही, तो थेट ऑर्डर देतो.